कव्हरवरचे मामा

अमरावती
बुधवार, २८ जानेवारी २०२६

आदरणीय देवमन मामा,

सप्रेम जयभीम. मामीलाही जयभीम सांगा.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी हटायचं नाव घेत नाही. माई ऊन अंगणात उतरेपर्यंत गोधडीतून निघत नाही आणि वरून मलाच विचारते, "पोरी, तुले थंडी वाजत नाही का वं?" तिचे गुडघे तसेच आहेत. पण पौर्णिमा भावाच्याच विहारात करायची असं तिने ठरवलंय, त्यामुळे उद्या सकाळच्या गाडीने ती तुमच्याकडे निघते आहे. सोबत संत्री दिली आहेत. वरची जरा नरम आहेत, ती आधी संपवा.

हे पत्रही तिच्याच हाती देते. तुम्ही म्हणाल, घरात मोबाइल असताना हिला पत्राची हुक्की कुठून आली. मामा, तुमच्या घरचा मोबाइल म्हणजे गल्लीचा मोबाइल. मेसेज आला की नितेश मोठ्याने वाचणार आणि शेजारची मैना आत्या स्वयंपाक सोडून ऐकायला येणार. आणखी एक कारण आहे, ते पुढे सांगते.

नितेशने फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. तुमच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा तेव्हाही त्याला घाईच असायची, आता फ्लेक्सचीही घाई. चौकात, विहाराच्या कमानीशेजारी, तुम्ही माणसापेक्षा दुप्पट उंच उभे. अंगात मरून रंगाचं जॅकेट, एक हात कानावर, डोळे मिटलेले, तोंड उघडं. खाली मंडळाच्या पोट्ट्यांचे छोटे छोटे फोटो, त्यात एकजण गॉगल लावून. मी ऑफिसात एकटीच हसले. मामी सांगत होती, तुम्ही संध्याकाळी चहाच्या निमित्ताने निघता आणि चौकाला वळसा घालून येता. "तुह्या मामाले घरी चहा भेटत नाही का वं?" म्हणाली. तुमचं ऑपरेशन झाल्यापासून मामी अशी हसून बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

त्या फ्लेक्सबद्दलच लिहायचं आहे. पण आधी आमच्या ऑफिसाचं थोडं ऐकून घ्या, नाहीतर काहीच कळायचं नाही.

जुना 'वऱ्हाडी सूर' तुम्हाला आठवतो. किशोर सर संपादक होते तेव्हाचा. मळकट कागद, कव्हरवर एखादी वीणा नाहीतर नुकताच वारलेला कुणी गवई. पण मधलं पान असं केलेलं असायचं की पिना सोडवून ते सरळ पेटीवर लावता यावं. गाण्याचे शब्द, खाली स्वर, आणि अक्षर एवढं मोठं की मांडवातल्या पिवळ्या दिव्यातही दिसावं. लहानपणी मी तुमच्या पेटीवर तेच पान पाहिलंय, तेलाचे डाग पडलेलं. सर म्हणायचे, "आपला वाचक वाचत नाही, गातो. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात." भजनी मंडळं, गायन पार्ट्या, तबल्याचे क्लास, निवृत्त मास्तर, हे आमचे वाचक. ते म्हातारे झाले. मग त्यांची पोरं कळवायला लागली की बाबा गेले, आता अंक पाठवू नका.

मग मालकांचा मुलगा प्रीतम पुण्याहून शिकून आला. वाईट नाही तो, मामा. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला उठवून बसस्टँडवरच्या स्टॉलसमोर नेलं. म्हणाला, "इथून पाहा. आपला अंक दिसते का?" दिसत नव्हता. स्टॉलवाले अंक पत्त्यांसारखे एकावर एक लावतात. वरची पट्टी आणि डावी कड, एवढंच बाहेर राहतं. आमची वीणा कायम दुसऱ्या कुणाच्या तरी अंकाखाली. तेव्हापासून कव्हरवर माणसाचा चेहरा, तोही वरच्या अर्ध्यात. डोळे वाचकाकडे हवेत. डाव्या कडेला पिवळी पट्टी, तिच्यावर आत काय आहे ते चार शब्दांत. मधल्या पानावर स्वर जाऊन पोस्टर आलं, कॉलेजच्या पोरांना खोलीत लावायला. लेख निम्मे झाले आणि शेजारी तो ठिपक्यांचा चौकोन आला, त्यावर मोबाइल धरला की गाणं वाजतं. अंक खपायला लागला. खोटं कशाला बोलू, हे सगळं मीच मांडते आणि मला ते आवडतं. कॉलेजच्या गेटवर कुणाच्या हातात आमचा अंक दिसला की दिवस बरा जातो.

म्हणून मीच प्रीतमला म्हटलं, फेब्रुवारीचं कव्हर माझ्या मामाला द्या. कव्वालीचा सामना आजच्या पोरांना कळेल. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, त्यांच्या रॅपमध्ये दुसरं काय असतं? त्याला पटलं. लेखात मी तेल्हाऱ्याचा सामना घेतला. समोरच्या पार्टीच्या संध्याताईंनी तुम्हाला असं पेचात धरलं की सगळा मांडव गप्प, आणि तुम्ही जवाब न देता त्यांच्यावरच उलटा सवाल टाकला. तेव्हापासून लोक म्हणायचे ना, देवमनच्या घरी जवाब भेटत नाही, सवालावर सवाल भेटते. तेच मी शीर्षक केलं. कव्हरवर स्टेजवरचा फोटो लावला आणि डमी काढली. डमी म्हणजे छपाईच्या आधी दोन-तीन कच्च्या प्रती काढून बघतात ती. मला राहवलं नाही, तिचा फोटो मामीला पाठवला. तो नितेशने पाहिला आणि त्यावरूनच फ्लेक्स करून घेतला.

मामा, छापलेल्या अंकावर तो फोटो नाही.

एवढं लिहून मी उठले. पाणी प्यायले, माईची पिशवी उगाच पुन्हा भरली, पुन्हा बसले.

त्याचं असं झालं. छपाईआधी डमी स्टॉलवर लावायची आणि लांबून बघायचं, ही आमची पद्धत. प्रीतम बघून आला आणि म्हणाला, "मॅडम, डोळे बंद आहेत. पोट्टे थांबून नाही राहिले." आता स्टेजवरचे तुमचे सगळेच फोटो तसे. गाताना तुम्ही कधी डोळे उघडे ठेवलेत? मग तो माझ्या फोटोंत दुसरा शोधायला बसला. तुमच्याकडे आले होते त्या दिवशी मोबाइलमध्ये जे जे काढलं, ते मी एकगठ्ठा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं. आम्ही असंच टाकतो, निवडायला वेळ नसतो. त्यात तोही होता. सकाळी मामी म्हणाली होती ना, गळ्याच्या भोकापाशी लाल झालंय, डॉक्टरांना फोटो पाठव. तुम्ही खिडकीपाशी बसलात, गळ्याचं फडकं सोडलंत. मी म्हटलं, "मामा, इकडे बघा. हलू नका." तुम्ही बघितलंत, सरळ माझ्याकडे.

तो कव्हरवर आहे. पूर्ण पान. खाली पांढऱ्या अक्षरांत, 'या गळ्यात गाणं होतं'.

तुम्ही विहारात वंदनेलाही मफलर काढत नाही. माईने, सख्ख्या बहिणीने, अजून तो गळा पाहिलेला नाही. मला दाखवलात तो डॉक्टरांसाठी, आणि मी नीलम होते म्हणून. हे मला कळतं. कळून काही करता आलं नाही.

तो फोटो बघून प्रीतमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं, नाटक नव्हतं. तो हसला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. म्हणाला, "हा फोटो पाहून कोणी पुढे जाऊ शकत नाही, मॅडम. लोक रडतील, मग गाणं ऐकतील." मी म्हटलं, हा छापायचा फोटो नाही. खूप भांडले, मामा. किशोर सरांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, तिथे आता माह्यं कोण ऐकते?" शेवटी प्रीतम म्हणाला, "ठीक आहे. मामालेच विचारू."

त्याने माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. मामीने तो तुमच्या हाती दिला. फार आदराने बोलला तो. "मामा, तुमचा फोटो कव्हरवर छापून राहिलो. परवानगी आहे ना?" तुमच्या मनात स्टेजवरचा फोटो. तुम्ही लगेच मोबाइलवर टिचकी मारलीत. एकच. एक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, हे आपलं घरातलं, पण प्रीतमला ते मीच सांगितलं होतं. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

'कोणता फोटो?' अशी टिचकी तुमच्याजवळ नाही. सवालावर सवाल टाकणारा माणूस आता फोनवर हो किंवा नाही एवढंच म्हणू शकतो. तुमच्या वतीने तो सवाल मी टाकायला हवा होता. फोन माझ्या हाताशी होता. "मामा, स्टेजवरचा नाही, गळ्याचा," एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. तुमचा आवाज डॉक्टरांनी काढून घेतला. माझा तर जागेवर होता.

काहून गप्प राहिले? नोकरीची भीती होतीच. माईची औषधं, खोलीचं भाडं, दुसरीकडे कोण मला मासिक मांडायला ठेवणार आहे. पण तेवढंच नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात तर कव्हर कुणा दुसऱ्याला जाईल, आणि मामी पुन्हा आधीच्या आवाजात बोलायला लागेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रीतमकडे गेले. म्हटलं, मामांना कळलं नव्हतं, मला त्यांना नीट सांगू द्या. तो खरंच खजील झाला. पण पानं प्रेसला गेली होती.

आणखी एक सांगते, ते लपवून ठेवलं तर हे पत्रही खोटं होईल. नव्या कव्हरची डमी स्टॉलवर लावली तेव्हा मी लांब उभी होते. कॉलेजच्या दोन पोरी थांबल्या. एकीने स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग अंक उचलून मोबाइल धरला आणि त्या गाड्यांच्या गोंगाटात तुमचा आवाज लागला, तेल्हाऱ्याचा. त्यांची बस लागली होती. त्या गेल्या नाहीत, गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. प्रीतमचं बरोबर निघालं, मामा. त्याचं चुकलं असतं तर मला आज एवढा त्रास झाला नसता.

आता पुढचं. पौर्णिमेला वंदनेनंतर वाटायचा म्हणून मंडळाने जो गठ्ठा मागवला, तो शुक्रवारी एस.टी.च्या पार्सलने अकोल्याला येतो आहे. नितेश सोडवायला जाईल. तो वाटायचा की तसाच बांधून ठेवायचा, ते तुम्ही पाटीवर लिहून त्याला दाखवा. तेवढं तुमच्या हातात आहे. स्टॉलवरचं कुणाच्याच हातात नाही. अकोल्याच्या स्टँडवर, इथे, तिवस्याला, सगळीकडे त्याच दिवशी अंक लागेल. आणि चौकात तुमचा तो फ्लेक्स असेल. लोक हे बघतील आणि ते बघतील. मी रोज त्याच त्या विचारात फिरते, मला काही सुचत नाही.

माईला काही सांगितलेलं नाही. तिच्या पिशवीत संत्र्यांच्या खाली पेपरात गुंडाळून पहिली डमी ठेवली आहे, स्टेजवरच्या फोटोची. तिच्या मधल्या पानावर मी पोस्टर टाकलं नव्हतं. तेल्हाऱ्याच्या सवालाचे शब्द आणि स्वर मांडले होते, सरांच्या पद्धतीने, मोठ्या अक्षरात. अंकातून ते गेलं. पिना सोडवल्या की पेटीवर नीट बसेल. पेटी अजून कोपऱ्यातच आहे ना?

फोन का केला नाही, ते सांगायचं राहिलं. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही सगळं ऐकून घेतलं असतं आणि एक टिचकी मारून 'बरं' म्हणाला असता. तुमचा स्वभावच तसा. ती टिचकी ऐकायची माझी छाती नव्हती.

म्हणून या वेळी सगळं आधी सांगून मग विचारते. रविवारी पौर्णिमेला मी येऊ का? वंदनेला तुमच्या शेजारी बसेन. लोक जे बोलतील ते तुमच्यासोबत ऐकेन, मामी बोलेल तेही. पत्र वाचून झालं की फोन लावा. मी काहीच बोलणार नाही. एक टिचकी वाजली तर शनिवारी निघते. दोन वाजल्या तर त्याही ऐकून घेईन.

फक्त फोन लावून नुसते गप्प राहू नका, मामा.

अजूनही तुमचीच भाची म्हणवणारी,
नीलम