कप्पा आठ, आजारी जनावरांसाठी राखीव

ती. मामांस,

तुमच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही गुडघ्यांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. ऑपरेशन झालेला गुडघा आता वाकायला लागला असं ताईने कळवलं, वाचून फार बरं वाटलं. (न झालेला मात्र हटून बसलाय असंही तिने लिहिलंय. घरात एकाचंच कौतुक व्हायला लागलं की दुसऱ्याचं असं होतंच.) लेकीच्या घरी चांगला आराम करा, जिने चढू नका, आणि परत यायची घाई तर मुळीच करू नका. इकडे सगळं क्षेमकुशल आहे. डुकरं एकशे चाळीस होती, त्यातली बारा भरल्या वजनाची होऊन गाडीतून गेली, उरलेली एकशे अठ्ठावीस मजेत आहेत. घरात माणसं सहा होती, ती सध्या पाच आहेत. पण ते ओघाने येईल.

निघताना तुम्ही मला शेडच्या दारात उभं केलंत आणि म्हणालात, महिनाभर सांभाळून दाखव, जनावरं धड दिसली तर हे काम कायमचं तुझं. मामा, हे वाक्य मी रोज एकदा मनात म्हणून बघतो. तेवीस वर्षं मी परीक्षा विभागात उमेदवारांची बैठक व्यवस्था केली. हजारो पोरं मी म्हणेन त्या बाकावर बसली आणि मी म्हणेन तेव्हा उठली. मग कॉम्प्युटर आला, तो तेच काम चहा न पिता करतो म्हणे, आणि मला निरोपाचा नारळ मिळाला. तेव्हापासून घरात मी कुठेही बसलो तरी कुणीतरी येऊन म्हणतं, जरा उठता का, इथे झाडायचंय. सगळ्या जगाला जागा नेमून देणाऱ्या माणसाला स्वतःची जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या शेडमध्ये निदान झाडू माझ्याच हातात असतो.

तर पहिले चार दिवस मी तुम्ही शेडच्या दारावर लावलेल्या नियमांच्या कागदाप्रमाणे अक्षरशः वागलो. खाद्यपेट्या भरल्या, तोंडाने दाबून प्यायचे नळ एकेक दाबून पाहिले (हाताने, एकदाच तोंडाने, तेही खात्री करायला), जमिनीच्या फटींतून शेण नीट खाली जातंय ना ते पाहिलं. जनावरं झोपतात कशी ते बघत राहा, हा तुमचा दुसरा नियम तर मला फार आवडला. पांगून झोपली तर उकडतंय, पडदे वर करा. एकमेकांवर ढीग करून झोपली तर थंडी वाजतेय, पडदे खाली करा. माणसांच्या बाबतीत इतकं सोपं असतं तर परीक्षेच्या हॉलमधल्या पंख्यावरून माझी आणि पर्यवेक्षकांची तेवीस वर्षं भांडणं झाली नसती.

पण पाचव्या दिवशी माझे हात शिवशिवायला लागले. झालं असं, की कप्पा तीनसमोर उभा असताना माझ्या लक्षात आलं, की ही वीसच्या वीस जनावरं एकमेकांना ओळखतात. नाकाला नाक लावून काहीतरी चाललेलं. मी जवळ गेलो की गप्प. कप्पा चारमध्ये तोच प्रकार. मामा, तेवीस वर्षांच्या नोकरीत मला एकच गोष्ट शिकवली गेली होती: दोन ओळखीचे शेजारी बसता कामा नयेत. आता तुमच्या कागदावर चौथा नियम स्पष्ट आहे, एका कप्प्यातलं जनावर दुसऱ्या कप्प्यात घालू नये. तो मी वाचला होता, वाचला नाही असं खोटं सांगणार नाही. पण मला वाटलं, हा नियम तुम्ही भिडेपोटी केला असणार. लहानपणापासून वाढवलेली जनावरं, कुणी आर्जव केलं की तुमचं मन मोडत नाही. (माझी मुंज तुम्ही दोनदा पुढे ढकलली होतीत, केवळ मी रडलो म्हणून.)

दुपारी बसून तक्ता काढला. कानातल्या बिल्ल्यांच्या नंबराप्रमाणे एक नंबर पहिल्या कप्प्यात, दोन दुसऱ्यात, असं सातापर्यंत जायचं आणि आठ नंबर पुन्हा पहिल्यात. चार रंगांत केला. असा देखणा तक्ता मी नोकरीतही केला नव्हता. मदतीला आमचे मेहुणे होते. हे म्हणजे तुमच्या भाचेसुनेचे थोरले भाऊ, चार दिवसांसाठी म्हणून आलेले, त्याला आता आठ महिने होतील. ते फळी धरून आडवे उभे राहायचे, मी नंबर पुकारायचो. एकशे चाळीस उमेदवार चार तासांत आपापल्या जागी. शेवटचं फाटक लावून मी मेहुण्यांना म्हटलं, बघा आता कशी शिस्त येते.

अर्ध्या तासात जी शिस्त आली तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. सातही कप्प्यांत एकाच वेळी, जो तो अनोळख्याच्या अंगावर. कान फाटले, खांदे ओरबाडले, एक जण खाद्यपेटीत शिरून बसला तो बाहेर यायला तयार नाही. आम्ही दोघं फळी घेऊन सोडवायला गेलो, तर आमच्याविरुद्ध मात्र त्यांची लगेच एकजूट झाली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. मी तक्ता पुढे केला. त्या तो बराच वेळ बघत राहिल्या, उलटा करूनही पाहिला, मग मला अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही औषध वगैरे काही घेता का. त्यांनी समजावलं की या जनावरांत कोण मोठा, कोण धाकटा हे एकदा मारामारी करून ठरलेलं असतं, आणि त्यावरच सगळं घर सुखाने चालतं. मी ते सात घरांत एकदम पुसून टाकलं होतं. मी म्हटलं, सगळ्यांना पुन्हा जुन्या जागी नेतो. त्या म्हणाल्या, खबरदार, आता हात लावाल तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. दोन दिवसांत आपोआप ठरेल. पदरी पडलं पवित्र झालं.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी सगळे शांत. फक्त त्रेसष्ट नंबर सोडून. त्याचं शेपूट कुणीतरी पार बुडख्यापर्यंत चावलं होतं. त्याला मी कप्पा आठमध्ये हलवलं, तो तुम्ही आजारी जनावरांसाठी राखून ठेवलाय तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेपूट चावणं हे दाटीचं आणि कंटाळ्याचं लक्षण आहे, प्रत्येकाला पुरेशी जागा द्या आणि चघळायला काहीतरी टांगून ठेवा. मी प्रत्येक कप्प्यात साखळी आणि लाकडाचा ओंडका टांगला. तुमच्या कागदावरचा हिशेब पाहिला, प्रत्येकाला दहा चौरस फूट. फीत घेऊन मोजलं, बरोबर दहा भरले. मग फीत हातात होतीच, म्हणून घरी नेली.

मामा, मोजायला नको होतं. कपाट, पलंग, शिलाईचं मशीन, आईचे डबे (तुमची बहीण रिकामा डबा टाकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको) आणि मेहुण्यांच्या तीन ट्रंका वजा केल्यावर आमच्या दोन खोल्यांत माणशी साडेनऊ चौरस फूट उरतात. म्हणजे आम्ही तुमच्या डुकरांपेक्षा दाटीत राहतो. दहा जनावरांमागे एक नळ हवा, तेवढा आमचा आहे, पण त्या नळावर मेहुणे सकाळी पाऊण तास असतात. आता मला आमच्या घरातली सगळी भांडणं एकदम स्पष्ट दिसायला लागली. मी जेवायची ताटं एकाच वेळी आणि भिंतीला समांतर मांडली, म्हणजे धक्काबुक्की होत नाही. आईला पडद्याजवळून हलवलं. मेहुण्यांच्या खुर्चीच्या वर छताच्या हुकाला एक साखळी टांगली. ते फोनवर बोलताना ती हातात घेऊन बसायचे आणि स्वभावात खरोखर फरक पडला, पण तुमच्या भाचेसूनबाई पहिल्या दिवसापासून त्या साखळीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.

पुढचं जे झालं त्यात माझा दोष नाही, सवयीचा आहे. गाडी यायची म्हणून मी वजनं करत होतो. काट्यावर नव्वदच्या पुढे भरलं की पाठीवर निळी रेघ मारायची आणि वहीत लिहायचं. बारा झाली. मेहुणे मुलांना शेड दाखवायला आले होते, ते हौसेने काट्यावर चढले आणि मला म्हणाले, बघा तरी किती. चौऱ्याण्णव. मामा, नव्वदच्या पुढचा आकडा आला की हात आपोआप उठतो. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत रेघ गेली आणि वहीत तेरा झाले. त्यांना पत्ता नाही, मला पत्ता नाही. ते घरी जाऊन जेवायला बसले. इकडे गाडीवाल्याने बारा चढवली, वही पाहिली, एक कमी म्हणाला. मी म्हटलं मोजण्यात चूक असेल. पण माणूस चोख, तो मला घेऊन शोधत शोधत घरापर्यंत आला. दारातून मेहुण्यांची पाठ दिसत होती. अगदी अदबीने तो म्हणाला, हे तेरावं.

तुमच्या भाचेसूनबाईंच्या हातात वाढायचा डाव होता. तो त्यांनी खाली ठेवला, यावरूनच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "या घरात माणसं राहतात. तुम्हाला दुसरीकडे बरं वाटत असेल तर तिकडेच राहा." मी विचार केला, मी निघालो की माणशी जागा साडेअकरा फुटांच्या आसपास जाते, म्हणजे सगळ्यांचंच भलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं माझं अंथरूण घेऊन मी कप्पा आठमध्ये आलो. त्याला आज अकरा दिवस झाले. जागा कोरडी आहे, पंखा आपोआप चालू-बंद होतो, पडदे माझ्या हातात आहेत. त्रेसष्ट शेजारी झोपतो. तो अजून बरा नाही. मी जवळ बसल्याशिवाय खात नाही, त्यामुळे मला हलता येत नाही, हे तुमच्या लक्षात येईलच. मुलं रोज डबा आणून देतात आणि फाटकाबाहेर उभी राहतात. आत या म्हटलं तर म्हणतात, आईने सांगितलंय, तुम्हीच बाहेर या. पोरं आहेत, त्यांना आजाराचं गांभीर्य काय कळणार.

ताईला नमस्कार, गुडघ्यांनाही पुन्हा नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण एवढंच, की नवीन पिल्लं येतील तेव्हा कप्पा आठ त्यांच्या हिशेबात धरू नये. तो माझ्याकडे राहू द्यावा. दहा चौरस फूट पुरेत, बाकीचे परत घ्या.

ता. क. २. तुमच्या कागदावर सातवा नियम आहे, की फार दिवस बाहेर काढलेलं जनावर परत त्याच्या गटात सोडू नये, बाकीचे त्याला मारतात. यात एक शंका आहे. गट त्याचा स्वतःचाच असेल, जन्मापासूनचा, तरीही मारतात का? आणि किती दिवसांत विसरतात? अकरा दिवस म्हणजे फार का? हे मी फक्त त्रेसष्टसाठी विचारतोय.

ता. क. ३. (हे अक्षर माझं, भाचेसुनेचं. पाकीट टाकायला मुलांच्या हाती दिलं होतं, चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं.) मामा, नमस्कार. जनावरं चांगली आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गेल्या वेळेपेक्षा वजनं जास्त भरली, तेव्हा शेड यांच्याकडेच ठेवा. यांच्यासारखं जनावरांजवळ बसून कुणी राहणार नाही. त्रेसष्टला काही झालेलं नाही. त्याचं शेपूट सुकून आठवडा झाला. परवा हे आंघोळीला गेले असताना तो फाटक ढकलून आपल्या कप्पा सातमध्ये शिरला आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन झोपला. कुणी त्याला काही केलं नाही, मुलांनी स्वतः पाहिलं. यांनी त्याला उचलून परत आठमध्ये आणला आणि वहीत लिहिलं, आजारी.

दादा मंगळवारीच गेला, ट्रंका घेऊन. जाताना साखळीसुद्धा मागून नेली. मी यांना हे कळवलं नाही, कारण दादा गेला म्हणून आले असं मला नको होतं. तुम्ही एक करा. तुमच्या कागदावर नववा नियम लिहून पाठवा, की संध्याकाळी शेड बंद करून कामगाराने आपल्या घरी जावं. तुमचा कागद हे पाळतात, चौथा नियम सोडला तर. आणि सातव्याबद्दल त्यांनी विचारलंय त्याचं उत्तरही तुम्हीच द्या, माझ्या तोंडून पटायचं नाही. मुलं अकरा दिवस यांच्या अंथरुणाच्या जागेवर एकमेकांवर ढीग करून झोपतात, आणि पडदे मी कधीच खाली केलेत. घरात जागा आहे म्हणावं. मी फीत घेऊन मोजली आहे.