थेंबातली आई

परळ,
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मीनाक्षीस, अ. उ. आ.

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून पत्र लिहितोय. गिरगावच्या वाचनालयाच्या थेंबांच्या फोटोस्पर्धेत तुझा फोटो पहिला आल्याचं तुझ्या वहिनीने सांगितलं. जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. अभिनंदन. आता मनात आहे ते लिहितो.

आई गेली तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, मी स्वयंपाकघरात सलाइनची बाटली टांगून थेंब पाडतोय. नळीचं चाक फिरवून मिनिटाला वीस थेंब, खाली परात, बाजूला फ्लॅश. चाळीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढलेला माणूस आहे मी. थेंब आपटून पाणी वर उडतं त्या क्षणाचे अकराशे फोटो काढले, त्यातला एक धड आला, तोच स्पर्धेला पाठवला. तो त्यांनी प्रदर्शनाच्या भिंतीसाठीसुद्धा निवडला नाही.

तू फेब्रुवारीत मोबाइल घेऊन माझ्याकडे शिकायला आलीस. काच दोन डब्यांवर ठेवायची, तिच्यावर थेंब सोडायचे, खाली एखादा फोटो उलटा ठेवायचा म्हणजे थेंबाथेंबात तो सुलटा दिसतो, हे तुला मी दाखवलं. आणि तू खाली ठेवलास काय, तर मी काढलेला आईचा फोटो. गॅलरीत कोळंबी सोलताना ती हसली होती तो. त्यावर माझं नाव दिलंय का, असं तुझ्या वहिनीला विचारलं तर ती भांडी घासायला निघून गेली.

दादरच्या मावशीचा फोन आला होता. मीनाचा आईवर किती जीव, म्हणाली. शेवटची नऊ वर्षं आई कोणाकडे होती, तिचं सगळं कोणी केलं, हे मावशी विसरली वाटतं. मी जळतोय असं तुला वाटेल. जळतोयच.

तुझ्यावर लोभ ठेवून असलेला (सध्या थोडा कमी),
दादा


गिरगाव,
९ ऑगस्ट २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसत. लहानपणी माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा पडला की तू ताट सरकवून उठायचास. अडुसष्ट वर्षांचा झालास तरी ताट सरकवायची सवय गेली नाही.

तुझा फोटो अगदी नेटका आहे रे, पण त्यात नुसतं पाणी आहे. माझ्या काचेवर सत्तेचाळीस थेंब आहेत आणि सत्तेचाळीस ठिकाणी आई हसतेय. परीक्षक बाई तिथून हलेनात म्हणे. तुझी ग्लिसरीनची युक्ती मात्र कामाला आली. नुसतं पाणी काचेवर पसरत होतं. तू म्हणाला होतास तसं निम्मं ग्लिसरीन घातलं आणि थेंब कसे टपोरे बसले. बघ, गुरूचं श्रेय देतेय. मूळ फोटो कोणाचा ते लिहायचं राहून गेलं, एवढं काय मनावर घेतोस.

प्रदर्शन पंधरा ते पंचवीस तारखेपर्यंत आहे. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तर सावकाश चढ. वहिनीला घेऊन ये, जेवायला इकडेच या. मावशीच्या बोलण्याचा राग माझ्यावर काढू नकोस. माझ्यासमोर ती तुझंच कौतुक करते.

रागावलास तरी माया कमी करू नयेस, ही विनंती.
तुझी मीना


गिरगाव,
१९ ऑगस्ट २०२४

ती. दादास, नमस्कार.

आज राखीपौर्णिमा. पाकिटात राखी शोधू नकोस.

काल वाचनालयाच्या सचिवांनी बोलावून घेतलं. त्यांना निनावी पत्र आलंय. माझे थेंब पाण्याचे नाहीत, ग्लिसरीन घातलेले आहेत, आणि नियमात शुद्ध पाणी असं लिहिलंय. नियम खराच आहे, मी नीट वाचला नव्हता. पहिला नंबर काढून घेतला. फोटो भिंतीवर ठेवायचा की उतरवायचा ते शुक्रवारी ठरवणार आहेत. नंबर गेल्याचं मला काही नाही, पण तिला उतरवतील या विचाराने घशाखाली घास जात नाही. ग्लिसरीनचं मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

आता माझंही ऐक, कारण मीही खोटं लिहिलं होतं. तुझं नाव राहून गेलं नव्हतं. फॉर्मवर रकाना होता आणि मी तो मुद्दाम रिकामा सोडला. नऊ वर्षं आई तुझी होती. सुरमई नेली, लाडू नेले, की माझ्या राजाला आवडतं म्हणत ती तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. मी समोर बसलेली आणि तिचे कान दाराकडे, तुझ्या चपला कधी वाजतात म्हणून. गेली तेव्हाही हात तुझ्या हातात होता, मी टॅक्सीत होते. मला तिची एक तरी गोष्ट अशी हवी होती, जिच्यात तू नाहीस.

ती तू ठेवली नाहीस.
मीनाक्षी


परळ,
२२ ऑगस्ट २०२४

चि. मीनास, आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तर घे.

पत्र मीच टाकलं. शिक्क्यावरून कळू नये म्हणून घराजवळची पेटी सोडून हिंदमातापर्यंत चालत गेलो. जी युक्ती मी शिकवली तिचीच चहाडी केली. इतकं हलकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

का केलं ते सांगतो. तू रविवारी यायचीस. आई शनिवारीच मला तिचं डोकं धुवायला लावायची, कपाटातलं हिरवं लुगडं काढायला सांगायची. सोमवारपासून पुन्हा जुनेर. आठवडाभर करायचो मी आणि ती नटायची तुझ्यासाठी. तो कोळंबीचा फोटोही रविवारचाच आहे. कॅमेरा घेऊन समोर मी उभा होतो, पण ती हसली ती माझ्यामागे जिना चढून आलेल्या तुला बघून. म्हणून तो फोटो मी घरात कधी लावला नाही. तू मागितलास तेव्हा सुटलो असं वाटलं, आणि तोच पहिला आला.

काल वाचनालयात गेलो. सचिवांना सांगितलं की पत्र माझं आहे आणि ग्लिसरीनही मीच शिकवलंय, नियम मोडायचा बहिणीचा हेतू नव्हता. नंबर परत मिळणार नाही म्हणाले. फोटो मात्र शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवर राहील, हे त्यांनी शुक्रवारची वाट न बघता तिथेच ठरवलं. तेवढं मिळालं.

मग मी भिंतीवरच्या आईसमोर उभा राहिलो. मीने, फोटो चांगला आहे, माझ्या अकराशेंपेक्षा चांगला. शिवाजी पार्कहून आलेल्या एक बाई शेजारी होत्या. त्यांनी या आजी कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी आई, फोटो मी काढलाय. त्यांनी फार कौतुक केलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि जिना उतरून रस्त्यावर आलो. कोपऱ्यापर्यंत गेलो असेन. मग मागे फिरलो, दोन मजले पुन्हा चढलो, बाई निघायच्या बेतात होत्या त्यांना दारात गाठलं, आणि धापा टाकत सांगितलं की थेंब माझ्या बहिणीचे आहेत, आणि आई हसतेय तीही तिच्याकडेच बघून.

वहिनी तुझी आठवण काढते. नातं राहू दे, एवढंच मागणं.
दादा