दाराआडचे चित्रीकरण

४ मे
मी, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, एकेकाळचा कॉलेजच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर, आजपासून एका लघुपटाचा दिग्दर्शक आहे. पत्नीला संसर्ग झाल्यामुळे ती पहिल्या तारखेपासून मागच्या खोलीत एकटी. ताप उतरला, कंटाळा चढला! लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आईला परत काम करू दे ना. खोली आहे, मोबाइल आहे. आणखी काय लागतं?"
पत्नी त्या काळी मंडळाची प्रमुख नटी. शेवटच्या वर्षी तिने काम सोडले. लग्न ठरल्यामुळे, असे मी धरून चाललो आहे. विचारले कधीच नाही.

५ मे
संहिता दाराखालून आत सरकवली. प्रसंग एकच. बाई शिलाई मशीन चालवते, थांबते, म्हणते, "आज कुणी आलं नाही तरी चालेल." कालावधी पन्नास सेकंद. कॅमेरा आत, स्टॉपवॉच बाहेर, माझ्याजवळ.
दाराआडून पृच्छा: "अहो, शिंक आली तर किती सेकंद मंजूर?"

६ मे
तालीम. तोच आवाज! त्या आवाजासाठी तालमीच्या खोलीत भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवत असत. मी विंगेत खोक्यावर, मांडीवर वही. वाक्यापूर्वी ती एक श्वास घेई. तो केवळ मला ऐकू येई. आज बंद दारातूनही ओळखला.

८ मे
चित्रीकरण. मशीन थांबले. पाच सेकंद. सात. नऊ. न राहवून मी हळूच म्हणालो, "आज कुणी..."
आत काहीतरी आपटले.
"तेव्हाही हेच केलंस!" तीस वर्षांनी 'तू'! "शेवटच्या प्रयोगात मी विसरले नव्हते. थांबले होते. सगळं सभागृह श्वास रोखून होतं, आणि विंगेतून तुझा आवाज! लोक हसले. त्यानंतर थांबायचीच भीती बसली. मग काम कसलं करणार, कप्पाळ?"
त्या प्रयोगानंतर, वेळेवर वाक्य पुरवले म्हणून, मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

९ मे
अबोला. दाराशी ठेवलेले ताट अर्धे परत.

१० मे
चिठ्ठी सरकवली: "चूक सर्वस्वी माझी. तेव्हाची आणि आताची." दुपारी उत्तर आले: "स्टॉपवॉच कपाटात. उद्या सकाळी दहाला. आणि तोंडाला कुलूप!"

११ मे
मशीन थांबले. किती वेळ, ते सांगता येत नाही. ओठ दातांखाली धरून उभा होतो. मग वाक्य आले. मी लिहिलेले वाटलेच नाही.

१५ मे
डॉक्टरांनी परवानगी दिली. दार ढकलले, उघडेना. तिने आतून कडी लावलेली!
"थांबा. दुसरा प्रसंग मी लिहिलाय. त्यात तुम्ही आहात."
"माझे वाक्य कोणते?"
"एकही नाही. बाहेर उभं राहायचं आणि ऐकायचं."
उभ्या उभ्या लिहितो आहे.

(सही)
नवखा नट
मुक्काम: मागच्या खोलीचे दार
१५ मे