न सांगता मिळणारी माफी

१५ जून २०२४, शनिवार

कॉन्व्हेंटच्या शाळेचे एकोणीस फ्रॉक देऊन आले. त्यातल्या दोन फ्रॉकची बटणं बदलायची आहेत, ते परत आणले.

सिस्टर एडना ऑफिसात नव्हत्या. चर्चमध्ये बघा म्हणाले. आत पाच-सहा बायका रांगेत. भिंतीला लागून लाकडी कपाटासारखं काहीतरी, त्याला बाजूला जाळीची खिडकी. एक बाई गुडघे टेकून जाळीशी तोंड नेऊन बोलत होती. ती उठली, दुसरी बसली. रडणं नाही, काही नाही. उठतात आणि पिशवी उचलून जातात.

सिस्टरना विचारलं, हे काय? – "पापनिवेदन. आत फादर बसलेत. आपलं जे चुकलं ते सांगायचं." – मग ते कोणाला सांगतात? – "कोणालाच नाही! पोलिसांनी विचारलं तरी नाही. जीव गेला तरी नाही." – मी बसू का? – हसल्या. "विमलबाई, तुम्ही कॅथोलिक कुठे आहात?"

घरी येऊन बटणं लावली.

१६ जून, रविवार

लिहूनच टाकते. सासूबाईंना वाचता येत नाही. लेक ऋतिका नेरळला, तिच्या सासरी. वही गव्हाच्या डब्यामागे असते.

अकरा जानेवारी, दुपार. हे दोन वर्षं खाटेवर होते. डावं अंग गेलेलं. मी भरवलं, पुसलं, कूस बदलली. सासूबाई बाहेर ओट्यावर. मी स्वयंपाकघराच्या दारात वाचत बसले. लायब्ररीचं पुस्तक, दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं. यांनी हाक मारली – पाणी. तोंड वाकडं झालेलं, तरी तेवढा शब्द नीट यायचा. मला ऐकू आलं. परत हाक मारली. परत ऐकू आलं. तीन पानं राहिली होती. मी तीन पानं वाचली. मग तांब्या घेऊन गेले.

मान कलली होती.

सासूबाई आत आल्या तेव्हा तांब्या माझ्या हातातच. "पाजलंस का गं पाणी?" मी म्हटलं, हो.

तेवढंच. आता घरी येईल त्याला त्या सांगतात – माझा सुनील सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेला हो. बायका माझ्याकडे बघतात. समोरची इंदूबाई तर शेजारणींना सांगते, विमलसारखी सून शोधून सापडायची नाही.

वहीत लिहून काही झालं नाही. वही ऐकत नाही.

२३ जून, रविवार

फादरना भेटले. अंगाने बारीक, चष्मा, वसईकडचे. "का व्हायचंय कॅथोलिक?" – आवडलं. – "काय आवडलं?" शांतता आवडली म्हटलं. ते म्हणाले, "शांतता शेतातही असते." मग म्हणाले, घाई नाही. आधी घरी सांगा. शिकायला वर्ष तरी लागतं.

वर्ष! एका खिडकीसाठी.

चालेल.

१४ जुलै, रविवार

दुसरा तास. आम्ही दोघंच. मी आणि साजगावच्या कारखान्यातला नवीन नावाचा मुलगा. त्याला कॅथोलिक मुलीशी लग्न करायचंय. मला म्हणाला, "ताई, माझं ठीक आहे. तुमचं कोणाशी जमलंय?" सिस्टरनी डोळे वटारले. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असेल.

देव एक, व्यक्ती तीन. नवीन वाद घालतो. मला काही जड गेलं नाही. पटलं असंही नाही. पाठ केलं.

सिस्टर म्हणाल्या, तुम्ही वाचता छान, कुठवर शिकलात? – चौथी. पुढचं सगळं यांनी कारखान्यातून आणलेल्या रद्दीवर. जुने पेपर, फाटकी मासिकं. डब्याच्या पिशवीत घालून आणायचे. "घे, तुझा खाऊ." वाचायला मला यांनीच लावलं.

२१ जुलै

सहा ब्लाऊज. पाठ दुखते.

१८ ऑगस्ट, रविवार

ऋतिकाला फोनवर सांगितलं. ती – "आई, तुला तिथे असं काय मिळतं जे इथे नाही?" काय सांगू? म्हटलं, वाचायला पुस्तकं देतात. "पुस्तकं मी देते की गं!" रडली. मी नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. आज बायका नवऱ्याला ओवाळतात. सकाळपासून समोरच्या घरात हसणं. मी मशीनवर बसले, दोरा सारखा तुटत होता.

चर्चमध्ये आज मेलेल्यांचा दिवस. दोन्ही एकाच दिवशी आले. सिस्टर म्हणाल्या, या. कब्रस्तानात प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, झेंडू. आपल्याकडे असतात तेच झेंडू. लोक कबरीशी बसून गप्पा मारत होते, पोरं चकल्या खात होती. माझ्या हातात पण मेणबत्ती दिली. कुठे लावू? यांची राख तर उल्हास नदीत गेली. सिस्टरनी मधल्या मोठ्या क्रुसाकडे नेलं. "ज्यांची माणसं इथे नाहीत ते इथे लावतात."

लावली. वारा होता, तरी पेटली. नवऱ्याचं नाव सांगा म्हणाल्या, प्रार्थनेत घेतो. मी कधी नाव घेत नाही. सुनील म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही.

मेलेल्यासाठी जिवंत माणूस अजून काही करू शकतो, असं हे लोक मानतात. हे मात्र मला आवडलं. फादरनी आता विचारलं तर हे सांगेन.

१० नोव्हेंबर, रविवार

दीर आले. दशरथभावोजी. चहा घेतला, मग सुरू. "वहिनी, धर्म बदलायचे किती पोती तांदूळ मिळाले?" – आपलेच तांदूळ संपत नाहीत, म्हटलं. – "थट्टा नको. गावात तोंड दाखवायला जागा ठेवा. दादाचं वर्षश्राद्ध यायचंय, आणि तुम्ही तिकडं..." – श्राद्ध मीच रांधणार आहे. – "आणि मग बाटणार!"

सासूबाई आतून आल्या. कमरेवर हात. "दश्या, आवाज खाली घे रं. माज्या पोराला शेवटचं पाणी हिनं पाजलंय. तू व्हतास का तवा? ती कुटं बी जाऊ दे. या घरात ती माजी सून हाय."

भावोजी गेले. मी कपबशा विसळल्या. काहीच होत नव्हतं. तेच वाईट.

त्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या त्या खोट्यावर. मी खरं सांगितलं आणि त्यांनी बाहेर काढलं तर? घर त्यांचंच आहे. आणि घर जाईल ते जाईल, पण त्यांच्याकडे दुसरं काय आहे? मुलाचं तेवढं एकच आहे त्यांच्याजवळ.

म्हणून खिडकी बरी. तिकडे सांगितलेलं इकडे येत नाही.

३० डिसेंबर, सोमवार

वर्षश्राद्ध, तिथीप्रमाणे. चाळीस पानं उठली. वडे, खीर, आळूची भाजी. सासूबाईंनी आल्यागेल्याला तेच सांगितलं. मी वाढत होते.

१९ जानेवारी २०२५, रविवार

आज संस्कारांचा तास. सात आहेत. बाप्तिस्मा पहिला, ईस्टरच्या आदल्या रात्री आमचा. मी वाट बघत होते, पापनिवेदन कधी येतं. आलं. सिस्टर म्हणाल्या, "हे तुम्हा दोघांना आत्ता नाही. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आधीचं सगळं धुऊन जातं. नंतर काही चुकलं तरच सांगायचं."

मी विचारलं, आधीचं?

"आधीचं सगळं माफ."

न सांगता?

"न सांगता! मनापासून वाईट वाटलं की झालं." किती आनंदाने म्हणाल्या. नवीन म्हणाला, "वा! मस्त ऑफर आहे." त्याचं बरंच काही माफ व्हायचं असावं.

मी सात महिने पाठांतर केलं. त्या खिडकीशी माझा नंबर लागेल तेव्हा तिथे हे नसणारच. ते आधीच माफ झालेलं असणार. कोणीही न ऐकता.

घरी येताना भिसेगावच्या रेल्वे फाटकाशी उभी राहिले. दोन गाड्या गेल्या. फाटक उघडलं तरी उभीच. मागच्या टेंपोवाल्याने शिवी दिली.

२६ जानेवारी

गेले नाही.

२ फेब्रुवारी

गेले नाही. सासूबाई म्हणाल्या, "का गं, आज देवाला सुट्टी?"

९ फेब्रुवारी, रविवार

पाय आपोआप गेले. मिस्सा – रविवारची उपासना – झाल्यावर फादरना म्हटलं, मला एक सांगायचंय, बाप्तिस्म्याच्या आधी. खिडकीत. म्हणाले, "खिडकीतलं तुम्हाला आत्ता देता येत नाही. इथे बाकावर सांगा. मी कोणाला सांगणार नाही." – तो संस्कार होईल? – "नाही. पण ऐकेन."

मी बसले. शब्द येईनात. ते थांबले. मग म्हणाले, "विमलबाई, तुम्हाला माफी हवीये, की सांगायचंय?"

सांगायचंय.

"माफीचं देव बघेल. सांगायचं कोणाला, ते तुम्हाला ठाऊक असणार. मी नसेन तो."

राग आला. एवढं शिकलेला माणूस, आणि परत घरीच पाठवतो.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. फादरनी अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढला. चौदा महिने या कपाळाला कोणी हात लावलेला नाही. मी डोळे मिटले. अंगठा खरखरीत होता.

घरी सासूबाई – "कपाळाला काय गं?" – राख. – "कशाची?" – माणूस मातीचा आहे, हे विसरू नये म्हणून लावतात. – बघत राहिल्या. "आपन कुटं इसरलोय," म्हणाल्या, आणि भाकरी थापायला बसल्या. पण पुसून टाक म्हणाल्या नाहीत.

२३ मार्च, रविवार

गंमत अशी की खिडकी नाही म्हटल्यावरही मी जाते. आज मिस्साच्या वेळी लक्षात आलं, तासभर तिकडे बघितलंच नव्हतं. प्रार्थना आपली आपण येते तोंडात. विश्वास बसला का? ठाऊक नाही. बसायला जागा मिळाली आहे, एवढं म्हणेन.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे. उन्हाचं चर्च भरलेलं, पंखे बंद. त्याच्या मरणाची सगळी हकिगत उभ्याने ऐकतात. मी आधी वाचली होती. पण मोठ्याने ऐकणं वेगळं. शेवटी तो म्हणतो, तहान लागलीये. क्रुसाखालच्या शिपायांनी स्पंज बुडवून काठीवर वर धरला. आंब होती, आंबलेली दारू, पण धरली. ज्यांनी खिळे ठोकले त्यांनी.

त्यांनीसुद्धा दिलं.

मी खाली बसले. बाकी सगळे उभे. लीना आंटी – उद्या माझी धर्ममाता होणार – तिने दंडाला धरलं. "चक्कर आली का? पाणी हवं?" मी नको म्हटलं. मग रडू आलं. अकरा जानेवारीनंतर पहिल्यांदा. आवाज होता त्याला. लोकांना वाटलं, देवासाठी रडते. मलाही नक्की माहीत नाही कोणासाठी.

उद्या रात्री डोक्यावर पाणी ओततील आणि आधीचं सगळं जाईल. जाऊ दे. पण त्या आधी ते कोणीतरी ऐकलेलं असलं पाहिजे. फादर म्हणाले तो माणूस मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

सासूबाईंनी घराबाहेर काढलं तर ऋतिकाकडे. ती घेईल. त्यांच्याजवळचं तेवढं एक मी काढून घेणार, त्याचं काय करायचं ते मात्र ठाऊक नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी सांगितलं. सगळं. पुस्तक, हाका, तीन पानं, आणि ते 'हो'.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. निवडता निवडता म्हणाल्या, "तीनदा मारली हाक त्यानं. मला बी ऐकू येत व्हतं. उठायचा कंटाळा केला. म्हटलं, सून हाय."

मग सूप बाजूला ठेवलं. "रातीला किती वाजता हाय तुजं? मी येते. खाली बसवत नाय मला. खुर्ची असती का तितं?"

मी म्हटलं, बाक असतात.