चौथ्या पानावरचा कुलूपवाला

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्यावं.) आपली प्रकृती ठणठणीत असेल, मामींचा गुडघा जिना चढताना पूर्वीइतका बोलत नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात माझं डोकं भडकलेलं आहे आणि ते थंड व्हायच्या आत लिहून टाकतो आहे, कारण थंड डोक्याने लिहिलेली पत्रं तुम्ही वाचत नाही, त्यांचं शुद्धलेखन तपासता.

आपलं कुलूप-किल्लीचं दुकान वडिलांच्या वेळेपासून गल्लीच्या तोंडाशी आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. पूर्वी कुणी दाराबाहेर अडकलं की शेजाऱ्याला विचारायचं, शेजारी आमच्याकडे बोट दाखवायचा, विषय संपला. आता अडकलेला माणूस शेजाऱ्याची बेल वाजवत नाही, फोनला विचारतो. आणि फोन नाव कोणाचं सांगतो? समोरच्याचं. (समोरचा म्हणजे आमच्यासमोर काल-परवा शटर उघडून बसलेला ड्रिलवाला. त्याला कुलूप उघडता येत नाही, फोडता येतं, आणि फोडलं की नवीन कुलूप तोच विकतो.) त्याच्या वेबसाइटवर निळ्या गणवेशातला एक गोरागोमटा माणूस हसत उभा आहे, तो आजवर त्या दुकानात कुणालाही दिसलेला नाही. तरी सर्चमध्ये समोरचा पहिल्या पानावर पहिला, आणि मी चौथ्या पानावर, एका बंद पडलेल्या कुलूप कारखान्याच्या खाली. चौथ्या पानापर्यंत, मामा, काळं कुत्रंही जात नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई परवा दाराबाहेर अडकल्या. मी हत्यारांची पेटी घेऊन जिना उतरतोय आणि समोरचा ड्रिल घेऊन चढतोय! बाई मला म्हणाल्या, अहो, तुम्ही फोनमध्ये दिसला नाहीत. मी त्यांना रोज सकाळी दूध आणताना दिसतो.

हे ऐकून आमच्या जावईबापूंना कळवळा आला आणि त्यांनी एक गृहस्थ धाडून दिले. हे गृहस्थ लोकांच्या वेबसाइटची प्रतिष्ठा वाढवून देतात. हाच त्यांचा धंदा. (आपल्या घरात प्रतिष्ठा वाढवायला तीन पिढ्या लागल्या आणि घालवायला धाकट्या काकांची एक मोटारसायकल पुरली. पण ते असो.) प्रतिष्ठावाले दुकानात आले, माझ्या स्टुलावर बसले आणि मला स्टूल कसं बसायला चांगलं नाही हे सांगू लागले. मग म्हणाले, तुम्ही स्वतःला कितीही चांगलं म्हणा, सर्च त्याला भीक घालत नाही. दुसऱ्यांनी म्हटलं पाहिजे. एक तर गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहून तारे द्यायचे, आणि दुसरं म्हणजे चार मोठ्या, जुन्या, नावाजलेल्या वेबसाइटींनी आपल्या पानावरून तुमच्याकडे बोट दाखवायचं. त्याला लिंक म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे शेजाऱ्यानेच बोट दाखवायचं ना? मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? त्यावर ते हसले. मला हसलेलं आवडत नाही.

आता गिऱ्हाइकांचं ऐका. आमच्या धंद्याचा एक कायदा आहे, तो वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवला. दार उघडलं की नजर जमिनीवर ठेवायची, आत काय आहे ते बघायचं नाही, आणि कोणाचं दार उघडलं ते कुणापाशी बोलायचं नाही. गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर त्याने ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही. अडकलेला माणूस कुठल्या अवस्थेत अडकलेला असतो हे आम्हालाच माहीत! नुसत्या टॉवेलवर बाल्कनीत राहिलेले बँकेचे मॅनेजर मी सोडवलेले आहेत. तरीही मन घट्ट करून मी त्यांच्याकडे गेलो आणि दोन ओळी लिहायची विनंती केली. त्यांनी मला चहा पाजला, आणि बाल्कनीला दारच नाही असं सांगितलं. दुसऱ्या एका बाईंनी खरोखरच अभिप्राय लिहिला: ‘मला यांची गरज कधीच पडलेली नाही, पण पडली असती तर यांनी उत्तम काम केलं असतं.’ तारे चार. एक कापला, कारण अनुभव नाही म्हणे! म्हणजे ज्या दुकानातून सगळे समाधानाने जातात तिथे कुणी आलंच नव्हतं, असा देखावा. समोरच्याकडची माणसं मात्र फोडलेल्या दाराचा फोटो लावून त्याला पाच तारे देतात.

मग प्रतिष्ठावाल्यांच्या सल्ल्याने घरच्यांना सांगितलं. इथेच माझी मती फिरली होती. आपल्या ताईने लिहिलं: ‘माझा भाऊ फार हुशार. लहानपणापासून एकही कपाट याला बंद राहिलं नाही, घरच्यांचं असो की शेजाऱ्यांचं.’ कुलूपवाल्याबद्दल हे असं लिहितात? आमच्या मेव्हण्याने लिहिलं की माणूस तापट आहे, पण मनाने वाईट नाही. त्याखाली आमच्या हिने, म्हणजे तुमच्या सूनबाईंनी, लिहिलं की तापट कुणामुळे झाला ते इथे काढू नये. त्यावर मेव्हण्याने हिला उत्तर दिलं, ताईने मेव्हण्याला दिलं, आणि माझ्या दुकानाच्या पानावर, सगळ्या जगासमोर, धाकट्या काकांच्या मोटारसायकलीचा विषय निघाला. त्या आठवड्यात दुकानात एकच माणूस आला, आणि तो पुढे काय झालं ते विचारायला आला होता.

लिंकांचं तर बोलूच नका. प्रतिष्ठावाल्यांनी नावाजलेल्या म्हणून ज्या वेबसाइटी गाठल्या, त्यांतली एक काचेच्या पेटीतल्या माशांची, एक घोरणं थांबवणाऱ्या उशीची आणि एक टकलावर केस आणणाऱ्या तेलाची. आता मला फोन येतात. मासा तळाशी का बसलाय, असं विचारतात. मी सांगतो, बसू दे, दमला असेल. एका बाईंनी नवऱ्याच्या घोरण्याबद्दल इतकं मनापासून सांगितलं की मी त्यांच्या खोलीला आतून लागणारी कडी सुचवली. या सगळ्याचा परिणाम म्हणजे मी चौथ्या पानावरून सातव्यावर गेलो. प्रतिष्ठावाले म्हणतात, हलक्या लोकांनी बोट दाखवलं की सर्चचा संशय वाढतो, आता एका तरी भारदस्त माणसाचं बोट हवं. असंच चाललं तर दिवाळखोरीची पाटी लावावी लागेल, आणि वडिलांची पाटी उतरवणारे हात माझे असतील. ते मला सोसणार नाही, मामा, हे स्पष्टच लिहितो.

भारदस्त म्हणजे तुम्ही. निवृत्त मुख्याध्यापक, आणि स्मरणशक्ती कशी वाढवावी यावरची तुमची वेबसाइट, जी परीक्षेतली पोरं आणि त्यांचे आईबाप रोज वाचतात. प्रतिष्ठावाले तुमचं नाव काढलं की उभे राहतात. म्हणून मी फोन केला. आणि तुम्ही काय म्हणालात? आधी म्हणालात, कोण बोलतंय? मी सांगितलं. मग तुम्ही अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणालात, “मी कुठल्याही कुलूपवाल्याला ओळखत नाही.” आणि फोन ठेवलात.

मामा, मी तुमचं दार किती वेळा उघडलं हे मी मोजलेलं नाही, मोजणारही नाही. स्मरणशक्तीच्या माणसाने किल्ली घरात विसरावी आणि त्याचा बोभाटा होऊ नये, म्हणून मी पेटी भाजीच्या पिशवीत घालून येत आलो. मामींनाही कळू दिलं नाही. दर वेळी नजर जमिनीवर. आणि त्याचं फळ हे? सख्खा भाचा तुम्हाला कुलूपवाला म्हणून परका झाला? वेबसाइटवर कुलूपवाल्याचं नाव दिलं तर लोक विचारतील, सरांना याची ओळख कशी, हीच ना भीती? बँकेच्या मॅनेजरांनी निदान चहा तरी पाजला.

रागाच्या भरात अधिकउणं लिहिलं गेलं असेल तर ते तसंच राहू द्यावं, मी मुद्दाम लिहिलं आहे. मामींना नमस्कार. आपल्या आशीर्वादाची, आणि त्याहून एका ओळीची, वाट पाहणारा,

आपला भाचा

ता. क. – ओळ मीच तयार केली आहे: ‘दाराबाहेर अडकल्यास विश्वासाने बोलवावा असा माणूस.’ खाली आमच्या पानाची लिंक. नातं लिहायची गरज नाही. वाटल्यास ‘असं ऐकून आहे’ असं जोडा, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही.

ता. क. दुसरा – पत्र पाकिटात घालून टपालात टाकायला निघालो होतो, तेवढ्यात मामी दुकानात आल्या. गुडघा धरून, एकट्या. म्हणाल्या, यांनी तुला मागच्या आठवड्यात कशाला बोलावलं होतं ते खरं सांग. मी धंद्याचा कायदा सांगितला आणि जमिनीकडे बघत राहिलो. मामी म्हणाल्या, “मला माहीत आहे रे. मला फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं.”

मी त्यांना सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगतो, कारण दार तुमचं आहे. नाही, दार तुमचं नव्हतंच. त्या दिवशी तुम्ही एक मजला वर उभे होता, दुसऱ्यांच्या दारासमोर, आणि किल्ली तुमच्या हातात होती. तुम्ही ती पुन्हा पुन्हा फिरवत होता आणि कुलूप बिघडलंय म्हणून चिडला होता. मी म्हटलं, हो मामा, कुलूपच खराब आहे, सुटा भाग आणावा लागेल, तोवर खाली बसू. आणि दंडाला धरून तुम्हाला खाली आणलं. फोनवर तुम्ही मला ओळखलं नाहीत तेव्हा मी रागावलो, कारण रागावणं सोपं होतं. वरची सगळी पानं त्या रागाची आहेत. ती फाडणार होतो, पण ठेवतो. तुम्हाला हसू येईल.

लिंक नको. समोरचा राहू दे पहिला. माझी खरी मागणी एकच आहे: सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे यायचं. मामींशी बोलून वेळ घेतली आहे. तुम्ही नाही म्हणाल, मला उद्धट म्हणाल, वर्गात उभं करावं तसं उभं कराल. करा. मी गाडी घेऊन तुमच्या दाराशी उभा असेन. किल्ली घ्यायची विसरलात तरी चालेल.