टेबलाखालचा फासा

प्रिय सेनापतीस,

अनेक आशीर्वाद (तू माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहेस, हा हक्क मी सोडणार नाही). गुडघा कसा आहे? वहिनींना सांग, त्यांचा थर्मास माझ्याकडे सुखरूप आहे.

पत्रास कारण, आपला तो जेवणाच्या टेबलावरचा खेळ. मी गोष्ट सांगायची, तुम्ही तिघांनी तिच्यातले वीर व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली ते फाशाने ठरवायचं. माझी पुतणी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिने आपल्या नियमांचा गेम करायला घेतलाय, म्हणून हल्ली मी तिच्या ऑफिसात जातो. (तिथल्या खुर्च्या गोल फिरतात. पहिल्या दिवशी बराच वेळ मी भिंतीलाच नियम समजावत होतो.) पहिला घोळ कवितेवरून झाला. संकटातल्या वीराने शाळेतली कविता न अडखळता म्हटली तर त्याला आणखी एक संधी, हे तुला आठवत असेलच. मी उभं राहून चालीवर म्हणून दाखवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘कविता’ असं लिहिलेलं एक बटण होतं. दाबलं की वीर वाचतो. (हे बटण शाळेत असतं तर आपले कान वाचले असते.) तेही मी चालवून घेतलं.

पण टेबलाखालच्या फाशावर मी अडून बसलोय. फासा खाली पडला तर वाकणारा सांगेल तो आकडा धरायचा, खात्री करायला दुसऱ्याने वाकायचं नाही. पुतणी म्हणाली, काका, फासा कॉम्प्युटरच टाकतो, त्याला आकडा आधीच ठाऊक असतो.

“मग त्याला डोळे मिटायला सांग,” मी म्हटलं.

बिचारीने तेही जमवलं: खाली पडलेला फासा फक्त खेळणाऱ्याला दिसतो आणि तो सांगेल तो आकडा गेम धरतो. पण ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी खेळून पाहिलं आणि झाडून सगळ्यांनी ‘सहा’ सांगितलं. तिचे साहेब म्हणाले, नियम काढून टाका. मी म्हटलं, मग गेमला माझी परवानगी नाही. पुतणीचा चेहरा उतरला, तरी मी हललो नाही. शेवटी ठरलं की शुक्रवारी बाहेरचा एक माणूस खेळेल, त्या दिवसापुरते कॉम्प्युटरचे डोळे उघडे राहतील, आणि त्या माणसाने खरा आकडा सांगितला तर नियम राहील. असा माणूस माझ्या माहितीत आहे, असं मी छाती ठोकून सांगून आलोय.

तुझा,
गोष्टवाला

ता. क. तो माणूस तू. इतक्या वर्षांत तू वाकलास आणि सहा पडला नाही असं कधी झालं नाही. एकदा तर फासा कपाटाखाली गेला, तो दिवाणखाना झाडताना आठवड्याने सापडला, पण तू त्याच संध्याकाळी सहा सांगून मोकळा झाला होतास. आम्ही तिघांनी तेव्हाही सहाच धरला. तेव्हा शुक्रवारी दोन पडला तर कृपा करून दोन सांग.

ता. क. आणखी एक. खरोखरच सहा पडला तर घाबरून पाच सांगू नकोस. मी शेजारीच उभा असेन, आणि वाकून बघणार नाही.