व्हॉल्व्हच्या रिंगा आणि उजवा स्पीकर

मी, या घरातली थोरली मुलगी, विज्ञान शाखेची पदवीधर, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरीला, आज पूर्ण शुद्धीवर आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट आईने दोनदा कागद ओढून घेतला. "कानाच्या ऑपरेशनला मृत्युपत्र कोण लिहितं गं? उद्या दात काढायला गेलीस तर घर विकायला काढशील!"

आईचा मान राखून सांगते की ज्याच्या मालकीचे काही आहे, त्याने ते नीट लिहून ठेवावे असे माझे प्रामाणिक मत आहे. शिवाय मला हा कागद बुधवारच्या आतच हवा आहे. का, ते पुढे येईल.

बुधवारी माझ्या उजव्या कानाचे ऑपरेशन आहे. पडद्यामागे एक इवलेसे हाड असते. ते थरथरले तरच माणसाला ऐकू येते. माझे ते हाड जागच्या जागी घट्ट बसले आहे. वर्षभर मी बाबांच्या अँप्लिफायरमधल्या काचेच्या व्हॉल्व्हना रिंगा घालून त्यांची थरथर बंद करत बसले आणि माझ्याच कानाने ते मनावर घेतले. आत्या म्हणते, "तुझ्या रिंगा तुलाच लागल्या."

कलम पहिले. पदवीचे प्रमाणपत्र आईला. ते तसेही तिच्याच ताब्यात आहे, दारासमोरच्या भिंतीवर. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला माझे टक्के पाठ झाले आहेत. घरातली ही पहिली पदवी आहे, शेवटची नसावी, म्हणून बँकेतली माझी बचत धाकट्या बहिणीच्या कॉलेजसाठी ठेवते. अट एकच, विषय तिचा तिने निवडावा. "मुलींना हे बरं पडतं," असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला त्या दिवशी चहा देऊ नये.

कलम दुसरे. माझी सोल्डर गन, बारीक पक्कड आणि तारा तपासायचे मीटर शाळेच्या प्रयोगशाळेला. मुलांनी ही अवजारे हाताळावीत, बोटे भाजून घ्यावीत, शिकावे. कपाटात कुलूप लावून ठेवायची असतील तर देणगी रद्द. मुख्याध्यापिकाबाईंना माझा रोख कळेल.

कलम तिसरे. माझी खरी मालमत्ता, म्हणजे व्हॉल्व्हच्या रिंगा. यांना किंमत नाही, पण इतिहास आहे, आणि तो लिहिल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

बाबा रेडिओ दुरुस्त करतात. त्यांच्या कामाच्या खोलीत काचेच्या व्हॉल्व्हचा, जुन्या धर्तीचा अँप्लिफायर आहे. तो बाबा आणि काकांनी मिळून हौसेने बांधला. आतले तारकाम बाबांचे, दोन्ही स्पीकरच्या लाकडी पेट्या काकांच्या. काकांचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे, पण रंध्यावरही हात बसलेला. या व्हॉल्व्हची एक खोड असते. आतले नाजूक भाग जरा धक्का लागला की थरथरतात आणि ती थरथर गाण्यात मिसळते. पेन्सिलीने काचेवर टिचकी मारा, स्पीकर "टिंग" म्हणतो. कोणी दार आपटले की गाणाऱ्या बाईंना हुडहुडी भरते.

यावर काकांचा उपाय असा की काचेला वरून रिंग घालावी. बाबांचा असा की व्हॉल्व्हच्या बैठकीखाली मऊ रबर द्यावे. इतर घरांत भाऊ जमिनीवरून भांडतात. आमच्याकडे वरून की खालून, यावरून जुंपली.

गेल्या वर्षी काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक रिंग कापली आणि बाबांच्या सर्वांत लाडक्या व्हॉल्व्हला घातली. न विचारता. संध्याकाळी पाहुणे गाणी ऐकायला बसले, व्हॉल्व्ह तापला, रबर वितळून काचेला चिकटले आणि खोलीभर जळका वास सुटला. बाबा ते सोलायला गेले आणि काचेला तडा गेला. तेव्हा सगळ्यांसमोर बाबा म्हणाले, "पंक्चरवाल्याने पंक्चर काढावं."

काका उठले. त्यांनी उजव्या स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि पेटी कवेत घेतली. दारात फक्त म्हणाले, "पेटी माझी आहे." त्या दिवसापासून दोघे बोलत नाहीत आणि आमच्या घरात गाणे एकाच बाजूने वाजते.

यात दोघांनीही माझी ढाल केली आहे. बाबा म्हणतात, "हिला उजवीकडून ऐकूच येत नाही, हिला कुठे दोन लागतात?" काका म्हणतात, "तिला हवा असता तर तिने मागितला नसता का?" म्हणजे माझा एक कान बंद म्हणून दोघांची तोंडे बंद. हे मला मान्य नाही.

मी स्वतः दोन्ही उपायांची परीक्षा घेतली आहे. आई एका कॅन्टीनमध्ये कॉफीचे मशीन सांभाळते. त्या मशीनची बदललेली सिलिकॉनची नळी तिने आणून दिली. ती उष्णतेला दाद देत नाही. तिचे काप करून मी रिंगा केल्या. (व्हॉल्व्ह तापला की खोलीत कॉफीचा मंद वास येतो. बाबा हा दोष मानतात, आई गुण.) नुसती रिंग घातली तर "टिंग" लवकर विरते, पण पावलांची धडधड राहते. नुसते खाली रबर दिले तर धडधड जाते, "टिंग" राहते. दोन्ही दिले की व्हॉल्व्ह शहाण्यासारखा गप्प बसतो. तात्पर्य, दोघेही निम्मे बरोबर आहेत. निम्मा बरोबर असलेला माणूस दुप्पट जोराने भांडतो, हे मात्र मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

या सर्व रिंगा मी आत्याला देते. त्या तिच्या शिवणयंत्राशेजारच्या बटणांच्या डब्यात राहतील. बाबा आणि काका दोघे मिळून मागायला आले तरच द्याव्यात. एकटा आला तर चहा पाजून परत पाठवावा.

कलम चौथे. बाबांना आणि काकांना या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वाचणाऱ्याला वाटेल की मला राग आहे. थोडा आहे. पण खरे कारण असे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि मला साक्षीदार म्हणून हेच दोघे हवे आहेत. एकाच वेळी, एकाच टेबलाशी.

आत्याने विचारले, "दोघं एकदम हवेत, हे वकिलाने सांगितलं का?"

"नाही, मी सांगते आहे."

"मग जमेल. दोघांची मापं माझ्याकडे लहानपणापासून आहेत. कुठे सैल सोडायचं नि कुठे आवळायचं, मला कळतं."

म्हणून या कागदाची व्यवस्थापकही आत्याच.

कलम पाचवे, शेवटचे. हे माझ्या मरणाबद्दल नाही, पण आहे त्याच कागदावर लिहिते. कानाची पट्टी निघेल त्या दिवशी मला दोन्ही बाजूंनी गाणे ऐकायचे आहे. काका, तुम्ही म्हणता मी मागितला नाही. हा घ्या लेखी अर्ज, स्पीकर परत आणा. बाबा, तुम्ही पंक्चरवाला म्हणालात ते मागे घ्या. त्याच हातांच्या पेटीतून तुम्ही वर्षभर एकटे गाणी ऐकता आहात. आणि कान उघडला नाही, तरी स्पीकर उजवीकडेच असू द्या. मी पेटीवर हात ठेवीन. थरथर मला हातालाही कळते.

हे सर्व मी वाचून पाहिले आणि यातला एकही शब्द मला खोडायचा नाही.

लिहून ठेवणारी: सही (घरातली "पदवीधर मॅडम")
ठिकाण: बाबांच्या कामाच्या खोलीतले टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार

साक्षीदार पहिला, काका: पोरीने माझ्यासमोर सही केली. डोकं ठिकाणावर आहे, आमच्यापेक्षा जास्त. वरून रिंग लागतेच, हे तिनेही लिहिलं आहे, नोंद व्हावी. हिच्या आत्याने अर्ज आधीच कानावर घातला, म्हणून स्पीकर खाली रिक्षात आहे. जिना अरुंद, मला एकट्याला वर आणता येणार नाही. दादा, एक बाजू धर. सही.

साक्षीदार दुसरा, बाबा: माझ्यासमोरच सही झाली. खालून रबर लागतंच, हीही नोंद व्हावी. तो शब्द मी मागे घेतो, पाहुण्यांनाही बोलावून सांगीन. धरतो. वळणावर आपटू नकोस. सही.